सतराव्या प्रश्नाचं उत्तर

बॅकअपच्या सॉफ्टवेअरसाठी मदत मागायला कुणी फोन केला, की सगळ्यात आधी बोलायची ती मावशी. "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." हा आवाज रेकॉर्ड केलेला होता, कुठल्यातरी यंत्रानं जुळवलेला. गोड, स्वच्छ आणि थंडगार. हॉलमध्ये बसून फोन उचलणाऱ्या चाळीस माणसांनी तिचं नाव मावशी ठेवलं होतं. मावशीला सर्दी होत नाही, मावशी रजा टाकत नाही, मावशीला शिव्या घातल्या तरी ती पुन्हा तेच म्हणते, अशी तिची थट्टा चालायची.

मावशीनंतर जी माणसं बोलायची, त्यांत सगळ्यात जुनी होती ताई. बारा वर्षं ती त्याच खुर्चीवर होती. वयानं मोठे असलेलेही तिला ताईच म्हणत. समोरच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड होता. एक कॉल संपवायला आज सरासरी किती मिनिटं लागली, तो आकडा प्रत्येकाच्या नावापुढे दिसायचा. आठच्या आत असला तर हिरवा, वर गेला की लाल. ताईचा आकडा सहा वर्षांत एकदाही लाल झाला नव्हता, आणि त्याचं कारण होतं सतराव्या प्रश्नाचं उत्तर.

ते समजायला एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागेल. बॅकअप घेणं म्हणजे एका वहीतला धडा दुसऱ्या वहीत उतरवून ठेवणं. पहिली वही हरवली, तर दुसरी असावी. आणि पडताळणी म्हणजे, उतरवून झाल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या आणि ओळीवर बोट फिरवत बघायचं, की कुठे चुकलं तर नाही. उतरवायला जितका वेळ, साधारण तितकाच बघायला. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक छोटी चौकट होती. तिच्यात खूण असली, की पडताळणी व्हायची. खूण काढली, की काम निम्म्या वेळात उरकायचं.

लोक फोन कानाला लावून बसत. "झालं का? अजून किती?" असं विचारत. बॅकअप पुढे सरकताना दिसल्याशिवाय ते फोन ठेवत नसत. मग ताई सांगायची, "त्या चौकटीतली खूण काढा. आता बघा, कसं भराभर पळतंय." पळायचंच ते. माणूस खूश होऊन फोन ठेवायचा. फक्त दुसऱ्या दिवशी त्याला पडद्यावर एक पिवळा त्रिकोण दिसायचा, शेजारी लिहिलेलं असायचं, 'पडताळणी झालेली नाही', आणि घाबरून तो पुन्हा फोन करायचा.

म्हणून ताईनं नेहमीच्या प्रश्नांच्या यादीत एक उत्तर लिहून टाकलं होतं.

"प्रश्न १७ : बॅकअपनंतर पिवळा त्रिकोण दिसतो. काळजी करावी का? उत्तर : नाही. आपला बॅकअप पूर्ण झालेला आहे. पडताळणी ही ऐच्छिक पायरी असून ती आपण सवडीने कधीही करू शकता."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सवड मात्र कुणाला कधी होत नसते, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. त्या एका उत्तरानं रोजचे पन्नासेक फोन कमी झाले. साहेबांनी ते छापून, काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगलं. ताईच्या शेजारी बसणारा गोडबोल्या, पूर्वी दारोदार मिक्सर विकलेला गडी, येता-जाता त्या चौकटीला हात जोडायचा. "ताई, तुमच्या या चार ओळींवर आमचं पोट चाललंय."

ताईची आई बालवाडीत बाई होती. एकतीस वर्षं तिनं चार-पाच वर्षांची पोरं सांभाळली होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पोरांच्या गलक्यातून सुईसारखा आरपार जायचा. निवृत्त झाल्यावरही रस्त्यात दाढीमिशा आलेले बाप्ये तिच्या "अरे, हळू!" या दोन शब्दांनी जागच्या जागी थांबत. घरी ती लेकीला 'घाईबाई' म्हणायची, कारण लहानपणापासून समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत हिचं उत्तर तयार.

आईचा आवाज बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, खोकला असेल. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवून सांगितलं, "गाठ स्वरयंत्रावर आहे. स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही." हाताशी पाच आठवडे होते.

दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मायलेकींना समोर बसवून समजावलं. आता ठरावीक अकराशे वाक्यं आईच्या आवाजात रेकॉर्ड करायची. मग एक यंत्र त्या आवाजाची नक्कल शिकेल, आणि ऑपरेशननंतर आई जे टाइप करील ते तिच्याच आवाजात बोलून दाखवील. "सगळी वाक्यं एकदमच आणलीत तरी चालेल," बाई म्हणाल्या. "पण बॅकअप ठेवा हं. लोक विसरतात."

आई लेकीकडे बघून हसली. "तिला काय सांगताय? ती त्यातलीच आहे."

वाक्यांची यादी हातात पडल्यावर आईनं चष्मा लावून ती वाचली आणि तिच्या कपाळावर आठी आली. "आज हवा छान आहे. खिडकी उघडी आहे. मला बाग आवडते. अगं, यात रागवायचं एकही वाक्य नाही! मी काय उरलेलं आयुष्य हवेबद्दल बोलू?"

"मग तू घाल तुझी."

"घालणारच."

तिनं वहीच्या मागच्या पानांवर साठ वाक्यं स्वतःची लिहिली. 'हळू, पाणी सांडेल.' 'चप्पल जागेवर.' 'मी बघितलं नाही असं समजू नकोस.' 'घाईबाई, आधी प्रश्न पूर्ण ऐक.'

अडगळीच्या खोलीत गाद्या उभ्या करून त्यांनी रेकॉर्डिंगची जागा केली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी आईची वीस वाक्यं झाली. संध्याकाळी ताई ऑफिसातून आली, तिनं लॅपटॉपला बाहेरची डिस्क जोडली, सॉफ्टवेअर आईच्या नावानं नोंदवलं आणि बॅकअप लावून दिला. आधी सगळ्याची एक पूर्ण प्रत, आणि मग रोज त्यावर त्या-त्या दिवसाची भर. हे सगळं करताना तिचा हात त्या चौकटीकडे गेला आणि खूण काढून मोकळा झाला. तिनं ठरवून केलं नाही. भाजी चिरताना बोटं आपोआप आखडतात, तसा तो हात गेला; दिवसातून तीस वेळा ती लोकांना तेच करायला सांगत आली होती.

"झालं? इतक्यात?" आईनं विचारलं.

"झालं. रोज संध्याकाळी आपोआप होत राहील. तू नुसतं बोलायचं."

आणि आई बोलली. पाच आठवडे, रोज सकाळी दोन तास आणि दुपारी एक, गाद्यांच्या मध्ये स्टुलावर बसून. मध्ये-मध्ये खोकला यायचा, मग ते वाक्य पुन्हा. कोमट पाण्याचा पेला, वाक्य, पेला, वाक्य. सातशेच्या पुढे आवाज चिरकायला लागला, तेव्हा ती दिवसाला दहाच वाक्यं घ्यायची, पण चांगली घ्यायची.

चौथ्या आठवड्यात एकदा जेवताना आईनं विषय काढला. "तो पिवळा त्रिकोण येतो रोज. मी काय म्हणते, शाळेत मी मुलांना—"

"काही नसतं ते," ताई ताटातून मान वर न करता म्हणाली. "दुर्लक्ष कर. बॅकअप पूर्ण झालाय."

"अगं, पण माझा प्रश्न—"

"आई, दिवसभर हेच सांगून माझं तोंड दुखतं. घरी तरी नको ना!"

आईनं आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली. ताईला नंतर त्या जेवणातलं सगळं आठवत राहिलं, आमटीत मीठ कमी होतं हेसुद्धा.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. आदल्या दुपारी आईनं शेवटचं वाक्य रेकॉर्ड केलं होतं. कुठलं, ते तिनं सांगितलं नाही. "ऐकशील तेव्हा कळेल," म्हणाली. लेकीनं ऐकलेले तिच्या तोंडचे ते जवळजवळ शेवटचे शब्द.

तीन आठवड्यांनी आई घरी आली. गळ्यावर पट्टी, हातात बालवाडीतली जुनी लाकडी पाटी आणि पेन्सिल. चार दिवसांनी रेकॉर्डिंग घेऊन दवाखान्यात जायचं होतं, म्हणून ताईनं लॅपटॉप उघडला. पडदा काळाच राहिला. आतून बारीक आवाज येत होता. टक, टक, टक. दाराबाहेर कुणीतरी उभं राहून एका बोटानं वाजवावं तसा.

ताई घाबरली नाही. असले आवाज तिनं फोनवर शेकडो वेळा ऐकले होते. "डिस्क गेली," ती आईला म्हणाली. "असू दे. बॅकअप कशाला असतो?"

लॅपटॉपमध्ये नवी डिस्क घालून आणली आणि बाहेरच्या डिस्कवरून सगळं परत आणायला लावलं. आई शेजारी खुर्ची ओढून बसली. हिरवी पट्टी सरकत गेली. दहा टक्के, तीस, पन्नास. एकसष्टवर थांबली आणि पडद्यावर आलं, 'फाईल वाचता येत नाही.'

"थांब हं," ताई म्हणाली.

मग तिनं ते सगळं केलं, जे ती बारा वर्षं लोकांना सांगत आली होती. चौथा प्रश्न, केबल बदलून पाहा. बदलली. सहावा प्रश्न, दुसऱ्या जागी जोडून पाहा. जोडली. अकरावा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. टाकलं. चौदावा, दुसऱ्या तारखेचा बॅकअप निवडा. तिनं एकेक करून सगळ्या तारखा निवडल्या, शेवटच्या तारखेपासून मागे-मागे, पहिल्या दिवसापर्यंत. प्रत्येक वेळी पट्टी एकसष्टवर येऊन थांबली. यादी संपली. यादीच्या तळाशी एक ओळ होती, तीही तिचीच. 'तरीही अडचण आल्यास आमच्या मदत केंद्राला फोन करा.'

डिस्क दुरुस्त करणाऱ्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. त्यानं दोन्ही डिस्क आठ दिवस ठेवून घेतल्या. लॅपटॉपमधल्या डिस्कच्या आत ओरखडे पडले होते, तिच्यावरून काहीच निघालं नाही. बाहेरची डिस्क धडधाकट होती. ताई परत गेली तेव्हा त्यानं टेबलावरच्या रिकाम्या डब्या एकावर एक रचून दाखवल्या.

"ही खालची तुमची पहिली पूर्ण प्रत. वरच्या या सगळ्या रोजच्या भरी. वरच्या चांगल्या आहेत हो, पण त्या खालचीवर उभ्या आहेत. तिच्याशिवाय एकही उघडत नाही." त्यानं खालची डबी ओढली. बाकीच्या गडगडत जमिनीवर गेल्या. "पहिल्या दिवशी लिहिताना केबल हलली असेल, काहीतरी झालं असेल. मधलाच तुकडा कचरा लिहिला गेलाय. तेव्हा पडताळणी केली असती, तर त्याच संध्याकाळी लाल खूण आली असती. दुसरी प्रत घेतली असती, संपलं."

ताईनं एक डबी उचलून त्याच्या हातात दिली.

"तुम्हाला पिवळा त्रिकोण दिसला नाही का?" त्यानं डब्या गोळा करत विचारलं. "आता लोकांचाही काय दोष म्हणा! त्या कंपनीनंच लिहून ठेवलंय, काळजी करू नका म्हणून. कुठल्या गाढवानं लिहिलंय, देव जाणे."

घरी आल्यावर ताईनं चप्पलसुद्धा काढली नाही. आईनं तिच्या चेहऱ्याकडे बघून पाटीवर लिहिलं, 'किती गेलं?'

"सगळं."

आईनं पाटी पुसली. ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या फडक्यानं पुसली, मग तळहातानं. बराच वेळ पुसत राहिली. मग लिहिलं, 'रागवायची पण?'

"हो."

आईचं तोंड उघडलं. सवयीनं उघडलं असावं. गळ्यावरच्या पट्टीखालून नुसती हवा गेली, आणि तोंड मिटलं.

फोनमधल्या व्हिडिओंचा काही उपयोग नव्हता. प्रत्येक समारंभात फोन आईच्याच हातात असायचा. सगळे नातेवाईक रांगेत उभे, आणि मागून तिचा एकच शब्द, "हसा." असे चौदा 'हसा' निघाले. दवाखान्यातल्या बाईंनी मान हलवली. "निदान तीनशे स्वच्छ वाक्यं तरी हवीत." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बॅकअप ठेवला होता ना?"

"ठेवला होता," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईनं आईच्या नावानं केलेली नोंदणी उघडली. पहिल्या दिवशी आपण काय-काय निवडलं होतं, ते तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. नोंदणीखाली एक ओळ होती, जी तिला अपेक्षित नव्हती. ऑपरेशनच्या पाच दिवस आधीची तारीख. 'एक कॉल. प्रश्न १७. चार मिनिटं बारा सेकंद. ग्राहकाचं समाधान झालं.' फोन घेणारा, गोडबोल्या.

म्हणजे जेवताना लेकीनं झिडकारल्यावर आईनं मदत केंद्राला फोन केला होता. आपण कुणाची आई आहोत, हे न सांगता.

प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो आणि नव्वद दिवसांनी आपोआप पुसला जातो. पन्नास दिवस उलटले होते. ताईनं हेडफोन लावला. मावशी बोलली, गोडबोल्या बोलला, आणि मग, "नमस्कार. तुम्ही कामात असाल, पण..." ताईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आवाज थोडा बसका होता, बाकी सगळा तिचाच. पुढचं तिला ऐकवेना. ऑफिसातलं रेकॉर्डिंग बाहेर न्यायला सक्त मनाई होती. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाल्यावर तिनं ते आपल्या फोनमध्ये उतरवून घेतलं.

दुपारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "सतरावं उत्तर बदलायला हवं."

"का? सोन्यासारखं उत्तर आहे."

तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं, आईची चौकशी केली, आठ दिवस रजा घ्या म्हणाले. मग काचेतून बोर्डाकडे बघत म्हणाले, "पडताळणी करायला लावली, तर माणूस लाइनवर किती वेळ बसेल? सरासरी सातावरून बारावर जाईल. वरचे मला फाडून खातील. आणि ताई, एका घरचं झालं म्हणून सगळ्यांचं उत्तर बदलायचं?"

"चूक आहे ते, साहेब."

"चूक काय आहे त्यात? एक शब्द दाखवा." त्यांनी यादी पुढे केली. ताईनं ती वाचली. एक शब्द दाखवता येईना. तिनं ते लिहिलंच होतं तसं.

बाहेर गोडबोल्या उभा होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि ताईनंही सांगितलं नाही. "काय ताई, साहेबांनी दुसरी चौकट टांगायची म्हटलं की काय?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रजा न घेता, ती खुर्चीवर येऊन बसली. पहिलाच कॉल एका फोटोग्राफरचा. आठ वर्षांचे फोटो, नवा बॅकअप, पिवळा त्रिकोण.

"पडताळणी करून घ्या," ताई म्हणाली. "आत्ताच. मी थांबते लाइनवर."

"किती वेळ लागेल?"

"चार तास."

"चार तास? अहो, मला कामं आहेत! तुमच्याच यादीत लिहिलंय, काळजी करू नका. सतरा नंबर. मी वाचूनच फोन केलाय, उगीच खात्री करायला."

"ते मी लिहिलंय," ताई म्हणाली. "ते ऐकू नका. माझं ऐका."

पलीकडून तो हसला. "बाई, तुमचं तुम्हालाच ठरत नाही, मी कुणाचं ऐकू? द्या बरं कुणा जाणत्या माणसाकडे."

ती अकरा मिनिटं त्याला समजावत होती. शेवटी त्यानं फोन ठेवला. बोर्डावर तिच्या नावापुढचा आकडा लाल झाला, आणि हॉलमधल्या चाळीस माना एकदम तिकडे वळल्या.

त्याच आठवड्यात दवाखान्यात यंत्र आलं. पाटीएवढंच होतं. त्यात आईचा आवाज घालता येणार नव्हता, म्हणून तयार आवाजांतला एक निवडायचा होता. बाईंनी यादी उघडली आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "आपल्या भाषेत बायकांचा एकच आहे सध्या."

आईनं मान हलवली, चालेल. तिनं दोन बोटांनी सावकाश टाइप केलं आणि बटण दाबलं.

"घाईबाई, चल घरी."

गोड, स्वच्छ आणि थंडगार. ती मावशी होती. पुढचं वाक्य 'कृपया प्रतीक्षा करा' असंच येणार म्हणून तिचा कान थांबून राहिला.

आईला कारण माहीत नव्हतं, पण लेकीचा चेहरा तिनं बघितला. एकतीस वर्षं तिनं न बोलणारी पोरं चेहऱ्यावरूनच ओळखली होती. घरात आठवडाभर ते यंत्र चाललं. "पाणी सांडेल." "चप्पल जागेवर." रागाची सगळी वाक्यं आईनं नव्यानं टाइप करून साठवली होती, आणि मावशी ती अशी म्हणायची, जणू चप्पल जागेवर असली काय, नसली काय, तिला सारखंच. ताई प्रत्येक वेळी दचकायची आणि आपण दचकलो नाही असं दाखवायची. रविवारी दुपारी आईनं यंत्र बंद करून कपाटात ठेवलं आणि पाटी काढली.

ती लिहू लागली. 'ते फोनचं रेकॉर्डिंग'

रेकॉर्डिंगचं ताईनं तिला सांगितलं होतं, ऐकवलं मात्र नव्हतं. "हो, आहे ना," ताई लगेच म्हणाली. "माझ्या फोनमध्ये घेतलंय. ऑफिसातलं पुसलं गेलं तरी—"

आईनं पेन्सिलीनं पाटीच्या कडेवर ठक् केलं. पेन्सिल सावकाश पुढे सरकली. एक-एक अक्षर, काना, मात्रा. दुसरी ओळ सुरू झाली. ताईला थांबावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती आईचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकत होती.

'ते फोनचं रेकॉर्डिंग उतरवून घेतलंस, ते उघडून शेवटपर्यंत ऐकून बघितलंस का?'

"नाही," ताई म्हणाली.

आईनं टेबलावर बोट टेकवलं. इथे, आत्ता.

ताईनं फोन मध्ये ठेवला आणि सुरू केला. आधी मावशी बोलली. मग गोडबोल्या. मग आई.

"नमस्कार. तुम्ही कामात असाल, पण एक विचारायचं होतं."

"विचारा ना, आजी!"

"मी काही वाक्यं रेकॉर्ड करून ठेवतेय. मुलीनं बॅकअप लावून दिलाय. पण तो पिवळा त्रिकोण येतो रोज. कसं आहे, मी शाळेत मुलांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगायचे, आणि वही बघितल्याशिवाय कुणालाही खेळायला सोडायचे नाही. तर इथे ती वही कोण—"

"आजी, पडताळणीचं म्हणताय ना? ते ऐच्छिक असतं. तुमचा बॅकअप पूर्ण झालाय. निर्धास्त राहा."

"ते वाचलं मी. पण माझा प्रश्न जरा वेगळा आहे. समजा, पहिल्याच दिवशी उतरवताना चुकलं असेल—"

"आजी, एक सांगू? हे उत्तर ज्यांनी लिहिलंय ना, त्या इथेच माझ्या शेजारी बसतात. बारा वर्षं झाली त्यांना. त्यांच्याइतकं यातलं कुणाला कळत नाही. त्यांनी लिहिलंय म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवायचा."

फोनमधली आई हसली. बसक्या आवाजात, पण अगदी मनापासून. ताईच्या समोर बसलेल्या आईनं मान खाली घातली.

"हो का? इतकी हुशार आहे ती?"

"एक नंबर."

"सगळे मानतात तिला?"

"आजी, साहेबसुद्धा! त्यांचं उत्तर भिंतीवर टांगलंय आमच्याकडे."

मग आई त्याला बरंच काही विचारत राहिली. ती माणसं कशी आहेत, जेवायची सुट्टी वेळेवर मिळते का, दिवसभर बोलून घसा दुखत नाही का. त्रिकोणाचं पुन्हा काहीच विचारलं नाही. चार मिनिटं व्हायला आली तेव्हा ती म्हणाली, "बरं, ठेवते. ती म्हणतेय ना, मग नाही करत काळजी."

"तुमचं समाधान झालं असल्यास एक दाबा," मावशी म्हणाली.

आणि एक दाबल्याचा आवाज आला.